हद्द कोणाची? हेगच्या एका निकालाचं वाचन

आमच्या गावाबाहेर ओढ्यावर एक पूल आहे. पुलाच्या अलीकडे एका पोलीस ठाण्याची हद्द, पलीकडे दुसऱ्याची. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टेम्पोनं त्या पुलावर सायकलवाल्याला उडवलं तेव्हा मी तिथं होतो. दोन्हीकडचे हवालदार आले आणि त्यांनी आधी पुलाची लांबी पावलांनी मोजली. रक्त नेमकं कुठल्या कठड्यापाशी सांडलंय यावर अर्धा तास गेला. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य त्या दुपारी मी इतक्यांदा ऐकलं की त्यानंतर ‘हद्द’ हा शब्द मला कधी निर्जीव वाटला नाही. सायकलवाला वाचला, पण त्याचं श्रेय हवालदारांना नाही, एका दूधवाल्याच्या जीपला आहे.

५ फेब्रुवारी २०२१ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं पॅलेस्टाइनबाबत एक निकाल दिला. प्रश्न पुलावरचाच होता, पूल फक्त फार मोठा. गाझा, वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम इथं युद्धगुन्हे घडले असतील तर ते या न्यायालयाच्या हद्दीत येतात का? दोन न्यायाधीश, मार्क पेरां द ब्रिशाम्बो आणि रेन अलापिनी-गान्सू, यांनी ‘येतात’ म्हटलं. तिसरे पीटर कोवाच. ते पीठाचे अध्यक्ष होते, तरी मतदानात एकटे पडले. बहुमताचा निकाल साठेक पानांचा आहे, कोवाच यांचं अंशतः असहमतीचं मत त्याच्या दुपटीहून मोठं. ही दोन्ही पत्रं मी गेल्या काही वर्षांत तीनदा वाचली. दर वेळी माझं मत थोडं सरकलं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी वकील नाही. काही वर्षं पोटासाठी दिवाणी दाव्यांचे मराठी कागद इंग्रजीत करून देत होतो: सातबारे, फेरफार, कब्जेपट्ट्या, कैफियती. त्या कामानं एक सवय लावली. मजकूर काय सांगतो यापेक्षा तो काय सांगायचं टाळतो, ते आधी बघायचं. निकालपत्र हा वाङ्मयप्रकार त्या नजरेनं फारसं कुणी वाचत नाही. बातमी एका ओळीत निकाल सांगते आणि अभ्यासक परिच्छेदांचे क्रमांक देतात. मला या दोन पत्रांमधलं भांडण शब्दांचं वाटतं, म्हणून ते या जागी मांडतोय.

सगळा खटाटोप रोम कराराच्या बाराव्या कलमातल्या एका तुकड्याभोवती आहे. गुन्हा ‘ज्या राज्याच्या भूमीवर’ घडला ते राज्य कराराचं सदस्य असेल, तर न्यायालयाला अधिकार. आरोपी सदस्य राज्याचा नागरिक असेल तरीही अधिकार. इस्राएल सदस्य नाही. त्यामुळे इस्राएली सैनिकाच्या किंवा मंत्र्याच्या बाबतीत पहिली वाट उरते, ती भूमीची. आता हा तुकडा मराठीत आणायला बसलो की पहिल्याच शब्दाला अडतो. ‘राज्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र येतो, ‘राष्ट्र’ म्हटलं की भावना येते आणि ‘देश’ म्हटलं की नकाशा. मूळ शब्दात हे तिन्ही अर्थ गोळा झालेत आणि कोवाच आणि त्यांचे सहकारी त्यातला एकेक वेगळा काढून एकमेकांना दाखवतात.

मागची हकिकत थोडक्यात. २००८च्या डिसेंबरअखेर सुरू झालेली गाझातली लढाई जानेवारी २००९मध्ये थांबली आणि त्याच महिन्यात पॅलेस्टिनी प्राधिकरणानं हेगला लिहून दिलं की १ जुलै २००२पासूनच्या गुन्ह्यांबाबत आम्ही तुमचा अधिकार मान्य करतो. अभियोक्ता लुईस मोरेनो ओकाम्पो यांच्या कार्यालयानं या पत्रावर तीन वर्षांहून अधिक काळ विचार केला आणि एप्रिल २०१२मध्ये जेमतेम दोन पानांत सांगितलं की तुम्ही राज्य आहात की नाही हे ठरवणं आमचं काम नव्हे, ते संयुक्त राष्ट्रांनी ठरवावं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १३८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टाइनला सदस्य नसलेल्या निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. ४१ देश तटस्थ राहिले. मग जानेवारी २०१५मध्ये पॅलेस्टाइननं रोम करारावर शिक्कामोर्तब केलं, १ एप्रिल २०१५पासून ते सदस्य झालं. प्राथमिक तपासणी जवळजवळ पाच वर्षं चालली. डिसेंबर २०१९मध्ये नव्या अभियोक्त्या फतू बेन्सूदा यांनी पीठाला विचारलं, की तपास सुरू करण्याआधी एवढं सांगा, माझी हद्द कुठवर आहे?

बहुमताचं उत्तर वाचताना पहिल्यांदा मला एका कुशल तलाठ्याची आठवण झाली. तलाठी मालकी ठरवत नाही, नोंद बघतो. ही दोन न्यायाधीश मंडळी म्हणतात, पॅलेस्टाइन सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार राज्य आहे का, या प्रश्नात आम्ही शिरणार नाही. तो अधिकारच आमचा नाही. आम्ही एवढंच बघतो की करारात सामील होण्याची रीत पाळली गेली का. पाळली गेली. मग ते सदस्य राज्य आहे आणि सदस्याला जे मिळतं ते सगळं त्याला मिळायला हवं. भूमी कुठवर, तर आमसभेच्या ठरावात १९६७पासून व्याप्त असलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशाचा उल्लेख आहे, तिथवर. जोडीला आत्मनिर्णयाचा हक्क. आणि लगेच सावधगिरीची ओळ: यातून आम्ही कुठलीही सीमा आखत नाही, भविष्यातल्या सीमेबद्दल काही सुचवतही नाही.

या पत्रातली सर्वांत धारदार जागा वेगळीच आहे. सात सदस्य देशांनी, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, ऑस्ट्रेलिया, झेक प्रजासत्ताक, हंगेरी, ब्राझील आणि युगांडा यांनी, न्यायालयाचे मित्र या नात्यानं लेखी म्हणणं दिलं होतं की पॅलेस्टाइन राज्य नसल्यामुळे न्यायालयाला अधिकार नाही. बहुमत शांतपणे नोंदवतं, की पॅलेस्टाइन करारात आलं तेव्हा हे देश गप्प होते. हरकत घेतली ती कॅनडानं. आवाज न चढवता केलेली एवढी बोचरी नोंद मी निकालपत्रांत क्वचित वाचलीय. पंगतीत बसताना कुणी काही बोललं नाही, वाढायची वेळ आली तेव्हा मात्र पाहुण्याच्या ओळखीचा दाखला मागितला गेला.

पण समाधान होत नाही, आणि ते का होत नाही हे सांगायला हवं. हे पत्र गोल फिरतं. पॅलेस्टाइन सदस्य का होऊ शकलं? राज्य मानलं गेलं म्हणून. राज्य का मानायचं? सदस्य आहे म्हणून. मध्ये आमसभेचा ठराव उभा आहे, आणि तो राजकारण्यांनी लिहिलेला मजकूर आहे. त्यातला ‘प्रदेश’ हा शब्द घासाघीस करून बसवलेला. त्याच्यावर हद्दीचा अख्खा खांब टेकवताना न्यायाधीशांनी त्या शब्दाला पुरेसं ठोकून पाहिलं नाही, असं मला वाटतं. शिवाय साठ पानांत माणसं जवळजवळ नाहीतच. कलमं आहेत, शब्दाचा स्वाभाविक अर्थ आहे, कराराचा हेतू आहे. ज्यांच्यासाठी हद्द मोजायची ते सायकलवाले तळटीपांत.

कोवाच यांचं मत याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं. ते आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक आहेत आणि लिहितातही तसंच, एक दस्तऐवज काढला की त्याची चुलत भावंडंही बाहेर काढतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. हे न्यायालय स्वतःच्या बळावर कुठंच उभं नाही, सदस्य राज्यानं जेवढा अधिकार सोपवला तेवढाच त्याच्याकडे. मग त्या राज्याच्या हातात काय होतं हे बघायला नको? दोन राज्यांचा तोडगा वाटाघाटींतून निघेल असं सांगणारे कागद पानापानांवर आहेत. त्यांत राज्य हे पुढे गाठायचं ठिकाण आहे, झालेली गोष्ट नाही. १९९५च्या ओस्लो करारानुसार पॅलेस्टिनी न्यायालयांना इस्राएली नागरिकांवर फौजदारी अधिकार नाही. जे स्वतःकडे नाही ते दुसऱ्याला कसं देणार? बहुमतानं ओस्लोचा प्रश्न या टप्प्यावर गैरलागू म्हणून बाजूला ठेवला, तो कोवाच यांना बाजूला ठेवण्याजोगा वाटत नाही.

त्यांना कुणाचा तरी वकील ठरवून मोकळं होणं सोपं आहे आणि अनेकांनी ते केलं. मला ते पटत नाही. जानेवारी २०१६मध्ये जॉर्जियाच्या तपासाला परवानगी देणाऱ्या पीठावरही ते होते. तिथंही वेगळं मत जोडून त्यांनी सहकाऱ्यांची तपासणी वरवरची असल्याची तक्रार केली होती. माणूस कागद नीट न वाचल्याबद्दल चिडणारा आहे. माझ्या जुन्या कामामुळे मला अशा चिडीबद्दल आदर आहे.

जॉर्जियाचा तो निर्णय या दोन पत्रांच्या शेजारी ठेवून वाचावा. २००८च्या ऑगस्टमधलं युद्ध दक्षिण ओसेतियात आणि तिच्या आसपास झालं. ती रशियाच्या पाठबळावर जॉर्जियापासून तुटलेली. त्या भूमीबद्दल वाद आहे हे कुणीच नाकारणार नाही. पीठानं तो प्रश्न मोजक्या वाक्यांत मिटवला: दक्षिण ओसेतियाला साधारणपणे कुणी स्वतंत्र राज्य मानत नाही, ती संयुक्त राष्ट्रांची सदस्य नाही, म्हणजे ती जॉर्जियाची भूमी. पुढे जून २०२२मध्ये तिथल्या कारभारातल्या तिघांवर अटक वॉरंट निघाली. क्रिमियाबाबतही अभियोक्त्याच्या कार्यालयानं नोव्हेंबर २०१६च्या अहवालात तो व्याप्त प्रदेश असल्याचं नोंदवलं आणि दोनच दिवसांत रशियानं रोम करारावरची सही काढून घेतली. दोन्हीकडे प्रत्यक्ष ताबा एकाचा, हक्क दुसऱ्याचा. ताबा गेला म्हणून जॉर्जियाकडे किंवा युक्रेनकडे सोपवायला काही उरलं नाही, असं न्यायालयानं म्हटलं नाही.

इथं दिवाणी कोर्टाच्या आवारातली एक साधी गोष्ट कामी येते. बांधावरून दोन भाऊबंदांचा दावा वीस वर्षं चालू असेल आणि त्या बांधावर खून पडला, तर फौजदारी न्यायालय दाव्याच्या निकालाची वाट बघत नाही. बहुमताची भूमिका मुळात एवढीच आहे. कोवाच यांच्या बाजूनं याला चांगलं उत्तर आहे: आपलं फौजदारी कोर्ट सरकारच्या अधिकारावर उभं असतं आणि बांध कुणाचाही असला तरी सरकार एकच असतं. हेगच्या न्यायालयाचा अधिकार त्या बांधाच्या मालकाकडूनच आलेला. उपमा इथं तुटते, मान्य. पण ती तुटते तिथंच एक प्रश्न शिल्लक राहतो. एखादा हक्क असणं आणि तो वापरता येणं या दोन गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हातारीला दांडगाईनं शेतात पाऊल ठेवू दिलं जात नाही, म्हणून तिचं नाव पुसलं जात नाही. तिनं दबावाखाली ‘तूर्त तूच कस’ असा कागद करून दिला, तरीही नाही. ओस्लोचे कागद मी तसे वाचतो. कोवाच यांचं वाचन, कितीही काटेकोर असलं तरी, ताबा आणि हक्क यांच्यामधली रेघ पुसट करतं.

आता एका मराठी शब्दाबद्दल. आपली वर्तमानपत्रं अशा भूमीला ‘वादग्रस्त’ म्हणतात. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या रांगेतला हा शब्द. पूर येतो, दुष्काळ पडतो. कुणी करत नाही. ‘वादग्रस्त’ म्हटलं की वादही तसाच आभाळातून पडल्यासारखा होतो आणि भूमी आजारी माणसासारखी अंथरुणावर पडून असते. वेस्ट बँकेबद्दल ‘व्याप्त’ऐवजी ‘वादग्रस्त’ म्हणावं हा इस्राएलचा जुना आग्रह आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं (हेगमधलंच, पण वेगळं, राज्याराज्यांतले वाद ऐकणारं) ९ जुलै २००४च्या सल्लामतात ‘व्याप्त’ हाच शब्द वापरला आणि १९ जुलै २०२४च्या मतात तो ताबाच बेकायदा ठरवला. आपल्याला हा फरक कळत नाही असं मुळीच नाही. ‘पाकव्याप्त काश्मीर’ हा शब्द मराठी माणूस शाळेपासून बिनचूक वापरतो. त्यात कर्ता समासाच्या अगदी तोंडाशी बसलाय. कर्ता कुठं ठेवायचा आणि कुठं गाळायचा हे आपल्याला व्यवस्थित समजतं.

‘वादग्रस्त’ शब्दात आणखी एक सोय दडलीय. भूमीवर वाद आहे म्हणून न्यायालयाला हद्द नाही असं एकदा ठरलं, की वाद मिटवण्यात ताबेदाराला काही रस उरत नाही. वाद जितका लांबेल तितकी तिथली माणसं कायद्याबाहेर राहतील. कोवाच यांना असं काही हवं होतं असा माझा दावा नाही, पण त्यांचं वाचन स्वीकारलं तर चाल याच दिशेला पडते. आणि त्याचा फटका एकाच बाजूला बसतो असंही नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासनं इस्राएलच्या भूमीवर जी कत्तल केली ती भूमीच्या वाटेनं या न्यायालयात येऊच शकत नव्हती, कारण इस्राएल सदस्य नाही. ती आली नागरिकत्वाच्या वाटेनं, आरोपी एका सदस्य राज्याचे, म्हणजे पॅलेस्टाइनचे, म्हणून. पॅलेस्टाइन राज्य नाही असं मानलं तर ही वाटही बंद. किबुत्झमधल्या मेलेल्यांसाठी हेगचं दार उघडलं ते त्याच निकालाच्या किल्लीनं, जिचा इस्राएल सरकारनं धिक्कार केला. या विषयावर तावातावानं बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मित्रांना मी हे सांगून पाहिलं, दोघांनाही ते आवडलं नाही.

भारताची जागा या चित्रात विचित्र आहे. भारतानं पॅलेस्टाइनला १९८८मध्येच राज्य म्हणून मान्यता दिली, २०१२च्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं. म्हणजे ज्या प्रश्नावर हेगचे तीन न्यायाधीश दुभंगले त्यावर आपलं उत्तर कधीचं तयार होतं. पण जुलै १९९८मध्ये रोमला करार मतदानाला आला, १२० देश बाजूनं आणि ७ विरोधात गेले, तेव्हा तटस्थ राहिलेल्या २१ देशांत भारत होता. सुरक्षा परिषदेला दिलेल्या अधिकारांवरचा आपला तेव्हाचा आक्षेप आजही खोडून काढता येत नाही. पण सदस्य नसल्यामुळे आपल्या सीमांवरच्या ‘व्याप्त’ आणि ‘वादग्रस्त’ शब्दांची परीक्षा कुणी बाहेरचा घेत नाही, हेही आपल्या पथ्यावर पडलेलं आहे.

असहमतीच्या मतांचं पुढे काय होतं याचा एक दाखला आपल्याच माणसाचा आहे. टोकियो खटल्यात न्या. राधाबिनोद पाल यांनी हजारांवर पानांचं भिन्नमत लिहिलं. जेत्यांनी हरलेल्यांचा न्याय करण्याच्या अधिकारावरचा तो आक्षेप होता. जपानी सैन्यानं अत्याचार केले नाहीत असं त्यांनी कुठंही म्हटलेलं नाही. तरी आज यासुकुनी मंदिराच्या आवारात त्यांचं स्मारक आहे आणि तिथं जाणारे सगळेच काही ती पानं वाचून जात नाहीत. कोवाच यांच्या मताचाही असा वापर सुरू झालाय. ते न वाचलेले लोक ते उद्धृत करतात.

निकालानंतर ३ मार्च २०२१ रोजी तपास सुरू झाला. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी बेंजामिन नेतान्याहू, योआव गॅलंट आणि हमासचा मोहम्मद देइफ यांच्यावर अटक वॉरंट निघाली. अभियोक्त्यानं मागितलेली हमासच्या आणखी दोघांची नावं तोवर जिवंत माणसांची राहिली नव्हती आणि देइफही मेल्याचं नंतर स्पष्ट झालं. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेनं न्यायालयावर निर्बंध लादले. आणि २४ एप्रिल २०२५ रोजी अपील पीठानं एक गोष्ट केली जी बातम्यांत मागे पडली. हद्दीवर हरकत घेण्याचा इस्राएलचा अर्ज ‘आत्ता नाही’ म्हणून खालच्या पीठानं परतवला होता. त्याचा पुरेसा विचार झाला नाही असं सांगून अपील पीठानं तो पुन्हा खाली पाठवला. वॉरंट कायम राहिली. म्हणजे २०२१च्या पत्रात जी जागा मला पोकळ वाजली होती, तीच जागा पुन्हा ठोकून बघायची वेळ न्यायालयावर आली. हे तेव्हाच, इस्राएल समोर नसतानाही, नीट करून ठेवता आलं असतं. कोवाच यांच्या एकेका कागदाला उत्तर देणारी आणखी चाळीस पानं लिहिली असती तर बहुमताचा निष्कर्ष तोच राहिला असता, आणि बळकट झाला असता.

शेवटी तारखेकडे बघावं लागतं, कारण हद्द जमिनीला असते तशी काळालाही असते. २००९च्या पहिल्या पत्रात १ जुलै २००२ ही तारीख होती. ते पत्र बाद झालं आणि १ जानेवारी २०१५च्या नव्या पत्रात तारीख आली १३ जून २०१४, जी संयुक्त राष्ट्रांच्या एका चौकशी आयोगाच्या कार्यकक्षेतही होती. त्यामुळे ज्या लढाईच्या राखेतून पहिलं पत्र निघालं, त्या २००८-०९मधले गाझातले मेलेले हद्दीबाहेर राहिले. आणि १२ जूनच्या रात्री वेस्ट बँकेत अपहरण करून मारलेली तीन इस्राएली मुलं, ज्यांच्यापासून २०१४चा उन्हाळा पेटला, तीही एका दिवसानं बाहेर राहिली.